वाचकांचे प्रश्न : आगोता क्रिस्तोफ आणि एक मोठी वही

मोजक्या शब्दांत लिहिणारं कोण वाचावं, असं गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं. उत्तरात मी चार नावं दिली, त्यांतलं एक आगोता क्रिस्तोफ. बाकीच्या तिघांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. या बाईंबद्दल मात्र पत्रं येतच राहिली. म्हणून या महिन्याचं सदर सबंध त्यांच्यावर. शुद्धलेखनाचे आणि दिवाळी अंकांचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, रागावू नका.

प्रश्न : गेल्या अंकात 'आगोता क्रिस्तोफ' असं छापलं आहे. ते 'अगाथा ख्रिस्ती' हवं ना? प्रूफं जरा नीट तपासत चला. (एक जुना वर्गणीदार, मिरज)

नाही काका, या वेळी प्रूफवाले निर्दोष आहेत. अगाथा ख्रिस्ती इंग्लंडच्या, रहस्यकथावाल्या. या आगोता क्रिस्तोफ, जन्माने हंगेरियन, राहिल्या स्वित्झर्लंडमध्ये, लिहिलं फ्रेंचमध्ये. हंगेरीत आडनाव आधी लावतात, त्यामुळे तिकडे त्या 'क्रिस्तोफ आगोता'. मृत्यू दोघींच्याही पुस्तकांत पानोपानी आहे. पण ख्रिस्तीबाईंच्या पुस्तकात शेवटी खुनी सापडतो. क्रिस्तोफबाईंच्या तीन कादंबऱ्या वाचून संपल्या तरी आतापर्यंत खरं कोण बोलत होतं, हेसुद्धा सापडत नाही.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. दुपारचा वेळ वाचनात जातो. तुम्ही ज्यांचं नाव घेतलं त्या बाई घड्याळाच्या कारखान्यात काम करायच्या, असं नातवाने मोबाइलवर पाहून सांगितलं. कारखान्यातली कामगार बाई परक्या भाषेत एवढी मोठी लेखिका कशी झाली? जरा सविस्तर लिहाल का? (सातारा)

लिहिते, आणि सावकाश लिहिते. त्यांचं आयुष्य 'निर्वासित लेखिका' एवढ्यात गुंडाळलं की वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि विषय तिथेच संपतो. मला त्यांच्या दुःखापेक्षा त्यांच्या कामात जास्त रस आहे.

जन्म 30 ऑक्टोबर 1935, हंगेरीतल्या चिक्वांद नावाच्या खेड्यात. वीज नाही, नळ नाही, टेलिफोन नाही. गावच्या शाळेत एकच मास्तर, ते म्हणजे त्यांचे वडील. घरात खोड्या केल्या की आई शिक्षा म्हणून पोरीला वडिलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला धाडायची. तिथे बसून बसून चौथ्या वर्षीच तिला वाचता यायला लागलं. आत्मकथनात बाई आपल्या वाचनाला सरळ आजार म्हणतात. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, रस्त्यात पडलेला कागदाचा कपटा, जे हाती येईल ते वाचायचं.

त्या नऊ वर्षांच्या असताना कुटुंब कोसेगला गेलं. ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. निदान पाव वस्ती जर्मन बोलणारी. साल 1944, म्हणजे गावात जर्मन सैनिकही आलेले. वर्षभरात ते गेले आणि रशियन आले. मग शाळेत रशियन भाषा सक्तीची झाली. गंमत अशी की ती शिकवायची कोणी? मास्तरांना झटपट वर्ग घेऊन तयार केलं. त्यांना शिकवायचा उत्साह नाही, पोरांना शिकायचा नाही. वर्षानुवर्षं शिकून कोणाला काही आलं नाही. मी स्वतः शाळेत फ्रेंच शिकवत असे, त्यामुळे त्या मास्तरांची अवस्था मला बरोबर दिसते.

चौदाव्या वर्षी त्यांची रवानगी सोम्बात्हेयच्या सरकारी वसतिगृहात झाली. वडील तुरुंगात. आई बुडापेस्टला कारखान्यात उंदरांच्या विषाची पाकिटं भरणारी. वसतिगृहात पोरीने दोन उद्योग केले. एक, गुप्त लिपी बनवून तिच्यात रोजनिशी लिहिली. दुसरा उद्योग चरितार्थाचा. बुटाचा एकच जोड, तो फाटला की चांभाराकडे टाकायचा आणि तोवर आजारपणाचं सोंग करून अंथरुणात पडून राहायचं. चांभाराला द्यायला पैसे लागत, वह्या-पेन्सिलींनाही लागत. मग मैत्रिणी जमवून मधल्या सुट्टीत छोटे छोटे प्रवेश करायला सुरुवात केली. शिक्षकांच्या नकला, विनोद, बघणाऱ्या मुलींकडून चार नाणी. नाटकाशी त्यांची पहिली गाठ ही अशी, तिकीट लावून पडली.

आता 1956. त्या वर्षी ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, 4 नोव्हेंबरला रशियन रणगाडे पुन्हा बुडापेस्टमध्ये घुसले आणि उठाव चिरडला गेला. पुढच्या काही महिन्यांत सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली, बहुतेक ऑस्ट्रियामार्गे. एकवीस वर्षांच्या आगोता त्यांतल्या एक. नोव्हेंबरच्या अखेरीस, रात्री, जंगलातून. बरोबर नवरा, चार महिन्यांची मुलगी आणि वाट दाखवणारा माणूस. दोन पिशव्या होत्या. एकीत दुधाच्या बाटल्या, दुपटी, बाळाचे कपडे. दुसरीत शब्दकोश. ती गुप्त लिपीतली रोजनिशी आणि पहिल्या कविता मागे राहिल्या. आईवडील राहिले, भाऊ राहिले.

व्हिएन्नाहून स्वित्झर्लंड, आणि तिथे फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं न्यूशातेल. जिनिव्हापासून न्यूशातेलपर्यंतचा हा डोंगराळ पट्टा घड्याळं बनवणारा. बाईंना जवळच्या फोंतेनमलों गावातल्या कारखान्यात काम मिळालं. पहाटे साडेपाचला उठायचं, मुलीला दूध पाजून कपडे घालायचे, साडेसहाची बस पकडायची, मुलीला पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी पाचपर्यंत यंत्रापुढे बसायचं. अशी पाच वर्षं. बोलायला भाषा नाही. पण यंत्राला ठेका असतो, आणि ठेक्यावर कविता जमते. मेजाच्या खणात कागद-पेन्सिल ठेवलेली असायची. ओळ सुचली की टिपायची, रात्री मुलगी झोपली की वहीत उतरवायची. हंगेरियनमध्येच.

त्या कारखान्यात दहाएक हंगेरियन होते. दुपारी कँटीनमध्ये एकत्र बसत. तिथलं जेवण इतकं परकं वाटे, की बाईंनी निदान वर्षभर दूध घातलेली कॉफी आणि पाव यांवर दुपार काढली. त्या ओळखीच्या लोकांपैकी दोघं हंगेरीला परत गेली, तिथे तुरुंग वाट पाहत असूनही. दोघं आणखी दूर, समुद्रापार गेली. चौघांनी पहिल्या दोन वर्षांतच आत्महत्या केली. बाई हे जमाखर्च मांडल्यासारखं लिहितात, एकही विशेषण न लावता.

पाच वर्षांनी फ्रेंच बोलता येऊ लागलं होतं, कारखान्यातल्या बायकांकडून शिकलेलं. वाचता मात्र येत नव्हतं. चौथ्या वर्षी वाचायला शिकलेली बाई सव्विसाव्या वर्षी पुन्हा निरक्षर! मग न्यूशातेल विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या वर्गात नाव घातलं आणि दोन वर्षांनी प्रमाणपत्र मिळवलं. त्याच सुमारास मुलगी शाळेत जायला लागली होती. मुलं शब्दांचे अर्थ विचारत, आणि आई 'माहीत नाही' असं कधी म्हणत नसे. 'बघून सांगते' म्हणायची आणि शब्दकोश उघडायची. या सगळ्यावर त्यांनी 2004 मध्ये अकरा छोट्या प्रकरणांचं आत्मकथन लिहिलं. त्याचं नावच 'निरक्षर'.

तुम्ही परिचारिका होता, म्हणून मुद्दाम सांगते. त्या पुस्तकात स्वतःची कीव कुठेही नाही. केस पेपरवर लिहितात तसं लिहिलंय. काय झालं, कधी झालं, पुढे काय केलं.

प्रश्न : मॅडम, मी मुंबईत नाट्यशास्त्र शिकते आहे. इंटरनेटवर आगोता क्रिस्तोफ यांची ओळख 'कादंबरीकार आणि नाटककार' अशी दिसते, पण चर्चा सगळी कादंबरीची. नाटकं दुय्यम आहेत का? आणि एकांकिका स्पर्धेत करता येईल असं काही आहे का?

या प्रश्नाची वाट पाहत होते.

ओळखीत कादंबरीकार आधी आणि नाटककार नंतर येतं. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. फ्रेंचमध्ये त्यांनी आधी नाटकं लिहिली, सत्तरच्या दशकात. कादंबरी आली 1986 साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर. मधली दहा-पंधरा वर्षं त्या नाटकवाल्या बाई होत्या. न्यूशातेलच्या एका कॅफेत हौशी मंडळींनी त्यांचं नाटक केलं. 1978 ते 1983 या काळात फ्रेंच भाषक स्वित्झर्लंडच्या रेडिओने त्यांची पाच नाटकं प्रसारित केली. नाटक शिकणाऱ्या तरुण मुलांबरोबरही त्यांनी काम केलं.

नाटकच का? माझं म्हणणं असं. ज्याची भाषा तुटपुंजी आहे त्याला वर्णन झेपत नाही. संध्याकाळच्या उजेडाचा रंग सांगायला दहा विशेषणं लागतात आणि दहाही ठिकाणी लिंग-वचन चुकायची भीती. दोन माणसं भांडताना काय बोलतात, ते मात्र बस स्टॉपवर, कँटीनमध्ये, दुकानात रोज कानावर पडलेलं असतं. पात्राचं नाव लिहा, पुढे वाक्य लिहा. खाली दुसऱ्याचं नाव, त्याचं वाक्य. कानाने शिकलेल्या भाषेला नाटक हा सगळ्यात जवळचा घाट.

'जॉन आणि जो' हे त्यांचं सुरुवातीचं नाटक बघ. दोन कफल्लक मित्र, एक कॅफे. बिल कोणी द्यायचं यावरून हुज्जत, आणि मग एक लॉटरीचं तिकीट. पैसे कोणाचे, तिकीट कोणाचं, बक्षीस कोणाचं? बस, एवढंच. पण पैशाने मैत्रीत काय होतं, ते हसवत हसवत इतकं उघडं पडतं की शेवटी हसणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. आमच्या वाचन मंडळात मी त्याचा कच्चा मराठी तर्जुमा वाचून दाखवला होता. बिलाच्या जागी जे हसू आलं, ते चहाचे पैसे नेहमी दुसऱ्याला द्यायला लावणाऱ्या एका सभासदाकडे बघून आलं होतं. नाव सांगत नाही, तेही हे सदर वाचतात.

'लिफ्टची किल्ली' अगदी वेगळं. उंच इमारतीत एक बाई, रोज नवऱ्याची वाट पाहणारी. लिफ्टची किल्ली नवऱ्याकडे. तिचं भलं करण्याच्या नावाखाली एकेक इंद्रिय काढून घेतलं जातं. आधी पाय, मग बाकीचं. आवाजावर येतं तेव्हा मात्र ती अडते. स्पर्धेसाठी मला हे जास्त धारदार वाटतं, पण सावध राहा. आपल्याकडे असल्या नाटकात नटी पहिल्या मिनिटापासून रडायला लागते. ही बाई जितकी आनंदात, समाधानात बोलेल तितकं ते अंगावर येतं. पार्श्वसंगीत तर अजिबात नको.

आता तुझा खरा प्रश्न, नाटकं दुय्यम का? एकेकटी पाहिली तर, हो, काही नाटकं त्या काळच्या युरोपातल्या असंगत, म्हणजे 'ॲब्सर्ड', नाटकांच्या फार जवळची आहेत. त्यांत त्यांचा स्वतःचा आवाज अजून पुरता लागलेला नाही. पण ती नाटकं लिहिली नसती तर पुढची कादंबरी जशी झाली तशी झाली नसती, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्या कादंबरीचं नाव 'ल ग्रां काये', म्हणजे 'मोठी वही'. सुरुवात लहानपणच्या आठवणींच्या तुकड्यांनी झाली, स्वतः आणि भाऊ यांच्याबद्दल. पुस्तक होईल असं डोक्यात नव्हतं. दोनेक वर्षांनी मेजावर खरोखरीच एक मोठी वही भरलेली होती. कादंबरीत आगोता आणि भाऊ यांची जागा जुळ्या भावांनी घेतली आणि दोघं मिळून 'आम्ही' म्हणून बोलायला लागले. युद्धाच्या दिवसांत आई त्यांना सीमेजवळच्या छोट्या गावात आजीकडे सोडून जाते. देशाचं नाव नाही, युद्धाचं नाव नाही, फक्त 'मोठं शहर' आणि 'छोटं शहर'. आजीला गाव चेटकीण म्हणतं, तिने नवऱ्याला विष घालून मारलं अशी वदंता. पोरं स्वतःला घडवायला घेतात. मार सहन करायचा सराव, उपाशी राहायचा सराव, शिव्या ऐकायचा सराव, भीक मागायचा सराव. आईने पूर्वी म्हटलेले लाडाचे शब्द आठवले की रडू येतं, म्हणून ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणून त्यांची धार घालवायचाही सराव.

नाट्यविद्यार्थ्यांनी त्यातलं एक प्रकरण पाठ करावं. भाऊ एकमेकांना निबंधाचा विषय देतात. वेळ दोन तास, कागद दोन. मग एकमेकांचा तपासायचा. शेरे दोनच, 'चांगला' किंवा 'चांगला नाही'. चांगल्याची कसोटी एकच, लिहिलंय ते खरं पाहिजे. आजी चेटकिणीसारखी आहे असं लिहायचं नाही. लोक तिला चेटकीण म्हणतात, असं लिहायचं. गाव सुंदर आहे असं लिहायचं नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला कुरूप वाटत असेल. आम्हाला अक्रोड आवडतात, असंही नाही. आम्ही खूप अक्रोड खातो, एवढंच. भावना सांगणारे शब्द धूसर, ते टाळायचे. वस्तू, माणसं आणि घडलेलं, यांना धरून राहायचं.

हा नियम कुठून आला, याची टीकाकारांनी बरीच तात्त्विक चर्चा केली आहे. मला त्यात तालमीची खोली दिसते. नटाला 'इथे तुला दुःख झालंय' असं सांगून काही उपयोग नसतो. 'उठ, खिडकी बंद कर, पाठमोरा राहा' असं सांगावं लागतं. रेडिओवर तर तेही नाही, नुसतं वाक्य. बाईंनी वर्षानुवर्षं हे केलं आणि मग तोच नियम दोन पोरांच्या हाती दिला. कादंबरीतली प्रकरणं दोन-तीन पानांची, निम्मी संवादांत. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक प्रवेश.

आणि म्हणूनच ती रंगमंचावर सहज गेली. इंग्लंडच्या 'फोर्स्ड एंटरटेनमेंट' या नाटकमंडळीने 2014 मध्ये तिचा प्रयोग केला. दोन नट, एकसारखे कपडे, हातात पुस्तकं, एकत्र वाचतायत. नेपथ्य जवळजवळ काही नाही. सिनेमाही निघाला, हंगेरियन दिग्दर्शक यानोश सास यांचा, 2013 साली. तो चांगला आहे, पण पडद्यावर खरी पोरं, खरा बर्फ, खरी आजी दिसायला लागली की पुस्तकातला 'आम्ही' हा विचित्र एकच आवाज हरवतो.

स्पर्धेत करणार असशील तर आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घे. बाईंना जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, प्रताधिकार शाबूत आहेत. 'रूपांतर' असं खाली बारीक अक्षरात छापून मोकळं होण्याची आपल्याकडची रीत सोडलेली बरी.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. तुम्ही सुचवलेली कादंबरी इंग्रजीतून मिळवून वाचली. थरकाप झाला. लहान मुलं यात काय काय करतात! लैंगिक विकृती, खून. असलं पुस्तक 'साध्या भाषेतलं' म्हणून सुचवताना तुम्ही इशारा द्यायला हवा होता, असं नम्रपणे वाटतं. नववीच्या मुलांना हे द्यावं का? (नांदेड)

पुस्तक भयंकर आहे हे खरं. सोपी भाषा पाहून कोणी ते बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवू नये.

तुमचाच प्रश्न फ्रान्समध्ये पोलिसांपर्यंत गेला होता. 2000 साली उत्तर फ्रान्समधल्या आबव्हिल गावात एका तरुण शिक्षकाने ही कादंबरी साधारण नववी-दहावीच्या वयाच्या वर्गाला वाचायला लावली. काही पालकांनी तक्रार केली आणि पोलिसांनी शिक्षकाला चौकशीसाठी नेलं. देशभर गदारोळ झाला. शिक्षणमंत्री जाक लांग त्या शिक्षकाच्या बाजूने बोलले. साहित्याचं पुस्तक शिकवलं म्हणून मास्तर पोलीस चौकीत, हे फ्रेंचांनाही पचलं नाही.

माझं मत विचाराल तर नववीला सबंध पुस्तक देऊ नये. मी स्वतः वर्गात फक्त निबंधाचं ते प्रकरण देत असे, एका पानाचं. वर्तमानकाळ, लहान वाक्यं, भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला उतारा नाही. मग मुलांना सांगायची, आता तुमच्या आजीबद्दल याच नियमाने लिहा, 'प्रेमळ' हा शब्द वापरायचा नाही. पहिली दहा मिनिटं वर्गात नुसती चुळबुळ. नंतर जे येई ते वाचण्यासारखं असे. एकीने लिहिलं होतं, आजी मला दूध देते तेव्हा पेला स्वतःच्या पदराने पुसते. हा प्रयोग मराठीच्या तासालाही करून पाहा.

पोरांच्या क्रूरपणाबद्दल एक सांगते. ती पोरं कुठलीही गोष्ट मजा म्हणून करत नाहीत. त्यांच्याकडे न्यायाचा एक स्वतःचा हिशेब आहे. भुकेल्या शेजारणीला मदत, आणि त्याच शांतपणे दुसऱ्याला शिक्षा. युद्धात मोठी माणसं जे करतायत ते पाहून त्यांनी तो हिशेब बसवलाय. इशारा द्यायला हवा होता हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. आता दिला.

प्रश्न : स्वित्झर्लंडसारख्या देशाने आसरा दिला, काम दिलं, नवऱ्याला शिक्षण दिलं, मुलीला पाळणाघर दिलं. तरी बाई म्हणतात की भाषा शत्रू, कारखाना वाळवंट. याला कृतघ्नपणा म्हणावं की फॅशन? आमच्या पिढीने गिरणगावात याहून वाईट दिवस काढले, कोणी आत्मचरित्र लिहिलं नाही. (परळ, मुंबई)

लिहिलं असतं तर मी पहिल्या रांगेत बसून वाचलं असतं. अजूनही लिहा. तुमच्याकडे साच्यांचा आवाज आहे, त्यांच्याकडे घड्याळाच्या यंत्राचा होता.

कृतघ्नपणाचं म्हणाल, तर त्यांनी लोकांचे उपकार नाकारलेले नाहीत. स्विस माणसं आपल्याशी चांगली वागली, कारखान्यातल्या बायका हसून बोलायच्या, हे त्या लिहितात. त्याच पुस्तकात बसमधला एक प्रसंग आहे. रात्री घरी जाताना तिकीट तपासणारा गृहस्थ शेजारी येऊन बसतो आणि धीर देतो : घाबरू नका, रशियनांना आम्ही इथे येऊ देणार नाही. बाईंना भीती नव्हतीच. भरपूर सुरक्षितता होती, उलट तीच डोक्यावर बसली होती. काम, बाजारहाट, कपडे धुणं, स्वयंपाक आणि रविवारची वाट. रविवारी जास्त झोपायला मिळतं, म्हणजे देशाची स्वप्नं जास्त वेळ पडतात. हे त्या भल्या माणसाला सांगावं, एवढं फ्रेंच येत नव्हतं. म्हणून मान हलवली. यात तुम्हाला उपकाराची फेड दिसत नाही, मला एका माणसाचा चांगुलपणा आणि दुसरीचं मुकेपण एकाच बाकावर बसलेलं दिसतं.

पुढे एका मुलाखतीत तर त्या म्हणाल्या होत्या, की स्वित्झर्लंडच्या कारखान्यातल्या पाच वर्षांपेक्षा रशियनांच्या तुरुंगात दोन वर्षं काढणं कदाचित बरं झालं असतं. हे ऐकून तुम्ही भडकणार, ठाऊक आहे. मलाही ते वाक्य सहज गिळता येत नाही. जे खरोखर त्या तुरुंगात गेले ते असं म्हणाले असते का, कोण जाणे. पण बाईंना बरं वाटावं म्हणून बोलायची सवय नव्हती, ना यजमानांना, ना वाचकांना.

आणि फॅशन म्हणावी तर ती फार उशिरा फळली. हस्तलिखित पॅरिसच्या तीन मोठ्या प्रकाशकांकडे धाडलं. दोघांनी नकार कळवला. तिसऱ्या, 'स्यय' प्रकाशनाच्या जिल कार्पांतिए या संपादकांचा फोन आला. कादंबरी 1986 मध्ये निघाली आणि पुढे तीसहून अधिक भाषांत गेली. हंगेरीने 2011 च्या मार्चमध्ये कोशुत हा तिथला मोठा सरकारी पुरस्कार दिला. त्याच वर्षी 27 जुलैला त्या न्यूशातेलमध्ये वारल्या. अस्थी कोसेगला नेल्या.

प्रश्न : मी बारा वर्षं श्टुटगार्टला आहे. मूळची अकोल्याची. कॉलेजात मराठी कथा लिहायचे, दोन-तीन छापूनही आल्या. आता मराठीत लिहायला बसलं की शब्द आठवत नाहीत, आणि जर्मनमध्ये लिहायची हिंमत होत नाही. मुलगी माझं जर्मन दुरुस्त करते. क्रिस्तोफ यांच्यासारखं भाषा बदलून टाकावी का?

ताई, आधी एक फरक लक्षात घ्या. तुम्ही अकोल्याला दर दोन वर्षांनी येऊ शकता आणि आईशी रोज फोनवर बोलू शकता. त्या बाईंच्या मागे दार बंद झालं होतं. फ्रेंच आपण निवडली नाही, परिस्थितीने गळ्यात घातली, असं त्या स्पष्ट म्हणतात. तीसहून अधिक वर्षं ती भाषा बोलून आणि वीस वर्षं तिच्यात लिहूनही शब्दकोश हाताशी लागायचा, चुका व्हायच्या. आणि शत्रुभाषा म्हणण्याचं सगळ्यात मोठं कारण त्यांनी हे दिलं, की ती माझी मातृभाषा मारते आहे. तुम्हाला जे होतंय, तेच हे. तेव्हा 'बदलून टाकावी' असं कपडे बदलल्यासारखं करू नका.

घराबाहेर पाऊल न टाकता भाषा बदललेली माणसंही आपल्याकडे आहेत. किरण नगरकरांनी पहिली कादंबरी 1974 मध्ये मराठीत दिली आणि पुढे मुंबईतच बसून इंग्रजीत लिहिलं. मराठी वाचकांनी त्यांना त्याबद्दल बरंच सुनावलं. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची तयारी ठेवा.

माझा सल्ला कामापुरता आहे. कथा लिहू नका, संवाद लिहा. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मराठीत बोलता आणि मुलगी जर्मनमध्ये उत्तर देते, ते जसंच्या तसं उतरवा, दोन्ही भाषांत. वर्णन नको, 'ती खिन्नपणे म्हणाली' नको. शब्द आठवत नाहीत असं म्हणता, पण मुलीला रागावताना तर आठवत असतीलच. तिथून सुरू करा. मुलीने जर्मन दुरुस्त केलं तर करू द्या, फुकटची संपादक आहे. पाच-सहा पानं झाली की मला पाठवा.

बाईंच्या हंगेरियन कविता 2016 मध्ये, त्यांच्या मागे, फ्रेंच अनुवादासह पुस्तकरूपाने निघाल्या. फ्रेंच लेखिका म्हणून जगाने ओळखलं, पण ते कागद त्यांनी टाकून दिले नव्हते.

प्रश्न : तीन कादंबऱ्या आहेत म्हणता. कोणत्या क्रमाने वाचायच्या? आणि मधली वगळली तर चालेल का? (नाशिक)

'मोठी वही' 1986, 'पुरावा' 1988, 'तिसरं खोटं' 1991. याच क्रमाने वाचा. मधली वगळू नका. पहिल्या पुस्तकात जे घडलं असं आपण धरून चाललो, त्याला दुसरं पुस्तक सुरुंग लावतं, आणि तिसरं त्या सुरुंगालाही. तिसरं मला पहिल्याइतकं घट्ट वाटत नाही. गुंता सोडवायच्या नादात ते बोलतं जास्त. तरी फ्रान्सच्या रेडिओश्रोत्यांचा 'लिव्हर अँतेर' पुरस्कार 1992 मध्ये त्यालाच मिळाला, तेव्हा माझं मत बाजूला ठेवा. इंग्रजीत तिन्ही एका खंडातही मिळतात. आधी कमी पानांत चव घ्यायची असेल तर 'निरक्षर' घ्या, नाशिक-मुंबई रेल्वे प्रवासात वाचून होतं.